बाघ नदीच्या रेतीतले काकाजी

समुद्र डोळ्यांनी कधीही न पाहता समुद्राबद्दल सगळ्यात जास्त बोललेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात एकच असेल, आणि तो माझा घरमालक आहे. आमगावात त्यांना सगळे काकाजी म्हणतात म्हणून मीही म्हणतो. धानाची गिरणी, धानाचीच शेती, दारात दोन ट्रॅक्टर, आणि या सगळ्याच्या वर, मानाच्या बाबतीत देव्हाऱ्याच्या फक्त एक पायरी खाली, एक बुटकी चंदेरी गाडी. दिसायला साधी मोटार, पण चारही चाकांना जोर. हे "चारही चाकं" काकाजी अशा आवाजात म्हणत, ज्या आवाजात एखादा आपल्या शिकून नोकरीला लागलेल्या चार मुलांबद्दल बोलतो. ही गाडी घेऊन ते दर रविवारी सकाळी बाघ नदीच्या पात्रात उतरत. त्यांना पलीकडे जायचं नसे, मासे धरायचे नसत, रेती आणायची नसे. रेतीवर गाडी चालवायची, एवढंच काम. आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर, दाराच्या वरची कडी दोन्ही हातांनी धरून, डोळे अर्धे मिटून, मी.

मी मालवणच्या बाजूचा. सातवीत शाळा सुटली. मी शाळा सोडली की शाळेनं मला, याबद्दल घरात अजून एकमत नाही. पंक्चरच्या दुकानात हात काळे करायला शिकलो आणि पुढे एका रस्त्याच्या कंत्राटदाराच्या डंपरांची टायरं बघायला म्हणून इतक्या लांब आलो. कंत्राट संपलं, डंपर गेले, मला न्यायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. घरी परतायला तोंड नव्हतं, कारण निघताना आईला "आता कायतरी होऊनच येईन" असं सांगून बसलो होतो. मग बसस्टँडजवळच्या एका झाडाखाली पान्हे, पाण्याचा टब आणि पंप मांडला. तिसऱ्या दिवशी काकाजी आले. कोरी गाडी, मागच्या चाकात बाभळीचा काटा.

"कोनच्या गावचा बे तू?"

"समुद्राकाठचा."

काकाजी गाडीवरून हात काढून माझ्यासमोर उकिडवेच बसले. "मंग तिथं रेती असन ना लय?"

"असते की."

"तिच्यावर गाड्या चालते?"

"फिरायला येणारे चालवतात."

"तू चालवली?"

आदल्या दिवसापासून पोटात फक्त एक बशी पोहे होते. मी म्हणालो, "हो."

खरं म्हणजे किनाऱ्यावर मी सायकलसुद्धा नेली नव्हती. रेतीत रुतलेल्या गाड्या लोक ढकलतात ते लांबून, माडाला टेकून पाहिलं होतं. समुद्राची मला पहिल्यापासून भीती. गाज जरा वाढली की मी घरात. पोहता येत नाही ही गोष्ट आमच्या गावात मी चारचौघांत बोलत नसे. पण काकाजींनी ते "हो" ऐकलं आणि संध्याकाळच्या आत गिरणीच्या भिंतीला लागून मला टिनाची शेड मिळाली, शेडमध्ये लाइट, मागे निजायला खोली, आणि काकीजींच्या हातचा डबा. नावही नवं मिळालं, समुद्र. "ए समुद्रा, चाल." माझं खरं नाव आमगावात पोस्टमनलाही ठाऊक नाही. त्या एका "हो"वर माझं छप्पर उभं होतं आणि ते "हो" खोटं होतं. पुढची पाच वर्षं मी एकाच गोष्टीला घाबरून निजलो आणि घाबरून उठलो: ज्या दिवशी काकाजींना कळेल, त्या दिवशी मी पुन्हा झाडाखाली.

आता काकाजींच्या तऱ्हा सांगतो. पहिली हवेची. रेतीत उतरताना टायरमधली हवा कमी करावी लागते, निम्म्यावर आणावी लागते, म्हणजे चाक पसरतं आणि रेतीत न घुसता वरून जातं. एवढं मला दुकानात ऐकून माहीत होतं. पण काकाजी पडले गिरणीवाले. भरलेलं पोतं कसं टणक पाहिजे, बोटानं टिचकी मारली तर वाजलं पाहिजे, ही त्यांची तीन पिढ्यांची शिकवण. "पोतं ढिल्लं भरलं का मानूस चोर दिसते," ते म्हणत. त्यात त्यांचं सगळं आयुष्य चिखलातल्या ट्रॅक्टरबरोबर गेलेलं, जिथं चाक खाली घुसूनच पकड घेतं. पहिल्या रविवारी मी वॉल्व्हला काडी लावली आणि हवा सूं करून बाहेर पडायला लागली तसे ते कळवळले. "नोको बे, नोको! कोनाची इज्जत काढल्यासारका आवाज येऊन राहिला!" मग आमच्यात एक रीत ठरून गेली. नदीच्या उतारावर गाडी थांबली की काकाजी उतरून पाठ फिरवायचे, खांद्यावरचा दुपट्टा दोन्ही कानांवर गच्च धरायचे आणि समोरच्या पळसाकडे बघत उभे राहायचे. चारही चाकं होईपर्यंत वळायचे नाहीत. मग विचारायचे, "झालं का गा?" मी म्हणायचो, "झालं, काकाजी." तेव्हा कुठे दुपट्टा खाली. परत येताना मात्र पायपंपानं हवा भरताना ते स्वतः जवळ उभे राहून प्रत्येक चाकाला टिचकी मारून बघत आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही रंग परत येई की जणू आजारी माणूस जेवायला बसला.

दुसरी तऱ्हा म्हणजे गाडी चालवताना सतत बोलण्याची. "आता आपुन समुद्रावर आहो. हे उजवीकडे लाटा. ते डावीकडे नारळाचे झाडं. बरोबर आहे ना गा?" उजवीकडे नदीची घोट्याएवढी धार असे आणि डावीकडे एक म्हैस. मी म्हणायचो, "बरोबर, काकाजी." ब्रेक मारायचा नाही, पाय काढून गाडी आपोआप थांबू द्यायची. वळण मोठं घ्यायचं. चाक जागेवर फिरायला लागलं की लगेच पाय उचलायचा. एवढे नियम मी त्यांना समुद्राचे म्हणून सांगितले होते. त्यांना ते मंत्रासारखे पाठ होते आणि ते तेवढेच मंत्रासारखे, मोठ्यानं म्हणत आणि नेमके मोडत. मला भीती वाटली की तोंडातून आपोआप आमच्या गावचं गाऱ्हाणं निघे. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्यो गिरणीवालो जरा खुळो असा, पण मनान बरो असा. तेका सांभाळ रे म्हाराजा!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काकाजींनी विचारलं, हे काय. मी सांगितलं की आमच्याकडे देवाला असं सांगतात आणि बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. झालं. तेव्हापासून गाडी हेलकावायला लागली की तेच स्वतः म्हणत, "म्हन बे, म्हन तुह्या देवाचं," आणि मी प्रत्येक वाक्य संपवलं की स्टिअरिंग न सोडता जोरात, "हाव महाराजा!"

काकीजींना यातलं काही मान्य नव्हतं. त्या दर रविवारी सकाळी डबा देताना एकच वाक्य बोलत, आणि ते नवऱ्याशी नव्हे, माझ्याशी. "समुद्रा, हे बुडाले तं बुडाले, माहा डबा वापस आन." पात्रातच एक डांगरवाली बाई होती. नदी आटली की मासे धरणारे ढीवर लोक रेतीत डांगराचे, टरबुजाचे वेल लावतात, तशी तिची वाडी होती. एका रविवारी काकाजींनी मोठं वळण घ्यायचा नियम इतका मोठा पाळला की तिचे सहा वेल चिरडले. त्यानंतर गाडी दिसली की ती वाडीच्या कडेला कमरेवर हात ठेवून उभी राही. "आले का जी, वेल चिरडनारे पाहुने?" काकाजी निमूट दोन टरबूज घेत, तिच्या पोरांची चौकशी करत, आणि गाडीत बसल्यावर मला म्हणत, "बाई कडक आहे. पन रेतीचं तिले समजते."

रेतीचं मला काहीच समजत नव्हतं, आणि हीच माझी धास्ती. खोटं निभवायला फार मेहनत लागते हे कुणी सांगत नाही. काकाजी रविवारी विचारणार, "समुद्रा, आज कुठून?" आणि मी चुकीचं बोट दाखवलं की संपलं. म्हणून दर शनिवारी दुपारी दुकान बंद करून मी सायकलनं नदीवर जायचो आणि उद्या जिथून गाडी जाणार ती सगळी वाट अनवाणी चालून यायचो, हातात बांबूची काठी, पावलापावलाला टोचत. उन्हात रेती तापलेली असे, तळवे भाजत, पण चप्पल घालून रेती कळत नाही. हळूहळू दिसायला लागलं. जिथं पाण्याच्या बारीक सुरकुत्या राहिल्यात तिथं घट्ट. जिथं पांढरी, साखरेसारखी सुटी, तिथं चाक बसणार. आणि जिथं सगळ्यात गुळगुळीत, अंगण सारवल्यासारखं, तिथं खाली गाळ, तिथं तर बघायचंसुद्धा नाही. रविवारी मी म्हणायचो, "काकाजी, ती जागा सोडा. आमच्या समुद्रावर अशा जागी गाडी बुडते." काकाजी मान डोलवत. घरी येऊन गिरणीतल्या हमालांना सांगत, "समुद्राचं ग्यान आहे त्याले."

पाचव्या वर्षी चैत्रात नागपूरचे जावई आले. भला माणूस, कचेरीत काम करणारा, पांढरे बूट घालणारा, आणि मोबाइलवर बघून जगातलं सगळं माहीत असलेला. रविवारी तेही निघाले. ते पुढे बसले, मी मागे. उतारावर गाडी थांबली, मी काडी घेऊन चाकाजवळ बसलो.

"हे काय करतोय हा?" जावयांनी विचारलं. "मामाजी, गाडीवर लिहिलेलं असतं हवा किती पाहिजे ते. त्याच्यापेक्षा कमी कशाला करायची?"

काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. जावयासमोर ढिल्लं पोतं! त्यांचा हात दुपट्ट्याकडे गेला आणि परत आला. "राहू दे बे समुद्रा. आज राहू दे."

मी तिथंच बोलायला हवं होतं. पण जावई शिकलेले, मी सातवी. त्यांनी चार प्रश्न विचारले असते तर माझं सगळं ज्ञान तिथंच उघडं पडलं असतं. मी काडी खिशात घातली आणि मागे जाऊन बसलो. ती काडी सगळा वेळ मांडीला टोचत होती.

पहिला फर्लांगभर गाडी गेली, जड जड, पण गेली. मग काकाजींना जावयाला लाटा आणि नारळाची झाडं दाखवायची हुक्की आली. पात्राच्या मधोमध, धारेच्या जरा अलीकडे, नेमक्या साखरेसारख्या रेतीत, चढाला तोंड करून त्यांनी फोटोसाठी गाडी थांबवली. फोटो निघाला. काकाजींनी गाडी हलवायला पाय दाबला आणि चारही चाकं जागेवर फिरली.

"पाय उचला, काकाजी!" मी ओरडलो.

"द्या, द्या, मामाजी, अजून रेस द्या!" जावई ओरडले.

काकाजींनी जावयाचं ऐकलं. गाडी थरथरत खाली खाली बसली आणि पोट रेतीला टेकलं. स्टिअरिंगपुढे एक पिवळा दिवा लागला. तो मला माहीत होता. मागच्या चाकांना जोर देणारा भाग फार तापला की ही गाडी तो आपणहून बंद करून टाकते, मग उरतात फक्त पुढची दोन चाकं. काकाजींच्या चार शिकलेल्या मुलांपैकी दोघांनी काम सोडलं होतं. आणि तेवढ्यात वाडीकडून डांगरवाली धावत, हात हलवत आली.

"ओ काकाजी! पानी सोडलं ना जी वरून! काल दवंडी नाई आयकली का?"

खालच्या बंधाऱ्यात उन्हाळी धानासाठी पाणी साठवायचं असलं की धरणातून नदीतच सोडतात, आणि आदल्या दिवशी गावोगाव दवंडी होते. काकाजींनी ती ऐकली होती. पण गिरणीचा पट्टा कसा ठरल्या वेळी फिरतो तसं पाणीही त्यांच्या अंदाजानं संध्याकाळीच यायला हवं होतं. आम्ही उतरून नदीच्या वरच्या अंगाला पाहिलं. पाण्याची भिंतबिंत नव्हती. नुसता एक फेसाचा, काडीकचऱ्याचा काठ, रेतीवरून बोट बोट पुढे सरकत येत होता, कसलाही आवाज न करता. आमच्या समुद्राची गाज निदान सांगून तरी येते.

जावई माझ्याकडे वळले. "अरे, तू समुद्रावरचा ना? तू तर अशा किती गाड्या काढल्या असशील! सांग ना लवकर!"

पाच वर्षं ज्या क्षणाला मी घाबरत होतो तो असा, गुडघाभर रेतीत, डांगरवालीच्या समोर आला. खोटं बोलत राहावं तर चुकीचा भरवसा ठेवून तिघं अडकणार. मी काकाजींकडे पाहून म्हणालो, "एकही नाही. काकाजी, मी समुद्रावर गाडी कधी चालवलीच नाही. काढलीही नाही. त्या दिवशी भूक लागली होती म्हणून हो म्हणालो. मला पोहतासुद्धा येत नाही."

काकाजी चिडून बोलले, पण चीड वेगळीच होती.

"मंग दर शनवारी सायकल घेऊन इथं कायले येत होता बे?"

मी डांगरवालीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मीच सांगतलं ना काकाजीले. पयल्याच वर्सी. म्हनलं, तुमचा मानूस उन्हात अनवानी फिरते, डोक्यात फरक पडला का पाहा."

"खोटं बोलाले कोनी एवढं पायी चालते का?" काकाजी म्हणाले. "समुद्राचं जाऊ दे तिकडं खड्ड्यात. या रेतीचं सांग. इथून कसं निंगाचं?"

आणि मला कळलं की ते मला येतं. समुद्राचं नाही, या रेतीचं. मी सांगायला लागलो. दिवा विझेपर्यंत पायच लावायचा नाही, तापलेलं निवू द्यायचं. तोवर चाकांपुढची रेती हातानं काढायची. चाकाखाली घालायला काहीतरी आणायचं. आणि सगळ्यात आधी हवा, निम्म्याहूनही खाली. काकाजींनी जावयाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि त्या तशा घाईतही पाठ फिरवून दुपट्टा कानांवर धरला. डांगरवालीनं आपल्या झोपडीचे बांबूचे तट्टे सोडून आणले, तोंडानं "आता झोपडीबी खाल्ली यायनं" म्हणत. जावयांनी बूट काढून बाजूला ठेवले आणि दोन्ही हातांनी कुत्र्यासारखी रेती उकरली, ते मी विसरणार नाही. पाणी आलं, चाकाला लागलं, बूट घेऊन गेलं. दिवा काही विझेना. मी त्याच्याकडे बघत होतो आणि पाणी माझ्या घोट्याकडे.

विझला. "आता अलगद," मी म्हणालो. "झोपलेलं मूल ओलांडल्यासारखं." काकाजी आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता गाडी चालवायला बसले. आम्ही बाकीच्यांनी मागून जोर लावला आणि माझ्या तोंडातून निघालं, "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! ह्या गिरणीवाल्याक सांभाळ, ह्या जावयाक सांभाळ, आणि ह्या खोटारड्याकसुद्धा सांभाळ रे म्हाराजा!" आतून काकाजी, "हाव महाराजा!" बाजूनं जावई, "हो महाराज!" आणि डांगरवालीही, "हाव ना जी!" तट्टे कडकडले, गाडीनं पोट उचललं आणि ती न थांबता सुरकुत्यांच्या घट्ट रेतीवरून काठाला जाऊन लागली.

घरी काकीजींनी आधी डबा मागून घेतला, मग विचारलं, "काऊन जी, जवाईचे जोडे कुठं गेले?" काकाजी म्हणाले, "समुद्रात गेले." पुढे माझ्याकडे बोट करून, "यानं काढलं आमाले." मी तरी शेडमध्ये जाऊन पान्हे गोळा करायला लागलो, कारण उघडं पडलो होतो, आता इथं काय राहायचं. काकाजी दारात येऊन उभे राहिले. "पान्हे कुठं नेऊन राहिला? उद्या त्या बाईले नवे तट्टे नेऊन द्याचे आहे. सकाळी लवकर ऊठ, समुद्रा." नाव त्यांनी बदललं नाही.

दर वर्षी ते म्हणत, पुढच्या वर्षी तुझ्या गावाला जाऊ, खऱ्या रेतीवर घालू गाडी. दर वर्षी धानाचा हंगाम आडवा येई. मग त्यांचा गुडघा गेला, मग डोळ्यांवर पडदा आला, डॉक्टरांनी गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. चंदेरी गाडी आता गिरणीच्या छपराखाली विटांवर उभी आहे. डांगरवाली मुलाकडे राहायला गेली. आणि बाघ नदीची रेती, जी मी तळव्यांनी पाठ केली होती, ती रेतीवाल्यांच्या ट्रॅक्टरांनी वाहून नेली. आता पात्रात खड्डे आहेत, डबकी आहेत, उघडे पडलेले काळे दगड आहेत. ते ट्रॅक्टर गिरणीच्या दारावरूनच जातात. काकाजींना नीट दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं.

मी अजूनही दर शनिवारी दुपारी सायकल काढतो, नदीवर जातो, जिथं वाट होती तिथून काठी टोचत चालून येतो. का, ते मला विचारू नका. रविवारी सकाळी खाटेवर बसल्या बसल्या ते विचारतात, "का गा समुद्रा, रेती कशी आहे?"

मी सांगतो, "धारेजवळ घट्ट आहे, काकाजी. मधे जरा सुटी आहे. डावीकडची गुळगुळीत जागा तेवढी सोडायची."

ते मान डोलवतात. मग म्हणतात, "मंग हवा काढून घे." मी गाडीजवळ जाऊन बसतो. दर शुक्रवारी मी चारही चाकांत हवा भरून ठेवतो, टिचकी मारली तर वाजेल अशी टणक, कारण रविवारी काढायला ती लागते. काकाजी हळूहळू भिंतीकडे तोंड करतात आणि दुपट्टा दोन्ही कानांवर धरतात. हवा सूं करत बाहेर पडते. एक चाक, दुसरं, तिसरं, चौथं.

"झालं का गा?"

"झालं, काकाजी."

दुपट्टा खाली येतो. पण ते लगेच वळत नाहीत. बराच वेळ भिंतीकडे बघत बसतात, उजवीकडे लाटा आणि डावीकडे नारळाची झाडं असल्यासारखे. मीही उठायची घाई करत नाही.